सांगलीचा आवाज आणि बॅटरीचा रेडिओ

आपले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. विलीनीकरणाने ते मुंबई प्रांतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९६३ साली सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झाले. नकाशाने दूर केलेली सांगली अशी आवाजाने पुन्हा जवळ आली.

जेथे वीज नव्हती तेथे बॅटरीवरचा व्हॉल्व्ह-रेडिओ उपयोगी पडे. त्यातील डीके ९६ सारख्या व्हॉल्व्हची तार तापवण्यास सुमारे दीड व्होल्टचा सेल पुरे. परंतु व्हॉल्व्हमधून प्रवाह खेळवण्यास ९० व्होल्ट लागत, म्हणजे दीड व्होल्टचे ६० सेल एकापुढे एक जोडलेले. ही महागडी बॅटरी संपली की टाकूनच द्यावी लागे. त्यामुळे ऐकणेही मोजूनमापून होई.

आज सुटे भाग जमवून असा संच घरी जुळवता येतो. नऊ व्होल्टच्या १० बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ९० व्होल्ट मिळतात. मात्र डाग देताना त्या सोडवून ठेवाव्यात.

माळ्यावरचा जुना संच भंगारात घालण्यापूर्वी आपण एवढे आठवावे, की सीमा आखली गेल्यावरही मराठी शब्द परवानगी न मागता घरात येत होता, तो अशाच पेटीतून.