कळते, पण वळत नाही: व्यसनाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रेनाउट वीर्स

रेनाउट वीर्स हे अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात विकासात्मक मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मद्याचे दुष्परिणाम पूर्णपणे ठाऊक असूनही माणूस पुन्हा पेल्याकडे का वळतो, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न. मराठीत या अवस्थेला ‘कळते, पण वळत नाही’ म्हणतात. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांनी तिला ‘अक्रासिया’ असे नाव दिले होते.

व्यसनाकडे समाज सहसा दोन टोकांनी पाहतो. एका मते तो चारित्र्याचा दोष आहे, तर दुसऱ्या मते मेंदूचा असा आजार, ज्यात रुग्णाच्या निवडीला वावच उरत नाही. वीर्स यांना दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. वारंवार मद्यपान करणाऱ्याच्या मनात बाटली, पेला, शुक्रवारची संध्याकाळ अशा खुणांशी एक आपसूक ओढ जोडली जाते आणि विचार जागा होण्याआधीच ती कृतीला दिशा देते. या अप्रकट मनोव्यापारांवरील संशोधनाचा बृहद्ग्रंथ त्यांनी अ‍ॅलन स्टेसी यांच्यासह संपादित केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही ओढ सरावाने उलटवता येईल काय, हे पाहण्यासाठी वीर्स यांनी नायमेगन येथील माइक रिंक आदी सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. जर्मनीतील लिंडो येथील उपचारकेंद्रात दाखल असलेले २१४ मद्यासक्त रुग्ण त्यात सहभागी होते. पडद्यावर चित्र उमटे आणि रुग्ण जॉयस्टिकने ते दूर ढकली किंवा जवळ ओढी. ढकललेले चित्र लहान होत जाई, ओढलेले मोठे. प्रशिक्षण मिळालेल्या गटाला मद्याची चित्रे सातत्याने दूर ढकलावी लागत. अशी केवळ चार छोटी सत्रे नेहमीच्या उपचारांना जोडण्यात आली. वर्षभरानंतर या गटातील ४६ टक्के रुग्ण पुन्हा मद्याकडे वळले होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५९ टक्के होते. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मेलबर्नमध्ये मद्यमुक्तीसाठी दाखल झालेल्या ३०० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. केंद्रातून घरी गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत प्रशिक्षित गटातील सुमारे ५४ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ४३ टक्के रुग्ण मद्यापासून दूर राहिले.

मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या खुद्द वीर्स यांच्याच अभ्यासांतून पुढे आल्या. इंटरनेटवरून घरबसल्या प्रशिक्षण घेणाऱ्यांचे मद्यपान कमी झाले, परंतु नुसते नावापुरते प्रशिक्षण घेणाऱ्यांचेही तितकेच घटले. त्यामुळे हा सराव स्वतंत्र उपचार न मानता, मद्य सोडण्याचा निश्चय केलेल्या रुग्णाच्या मुख्य उपचाराला दिलेली जोड मानावा, हे स्पष्ट झाले. २०२० मध्ये वीर्स व सहकाऱ्यांनी पद्धतीची फेरमांडणी सुचवली. तीत रुग्ण आधी स्वतःचे मोहाचे प्रसंग ओळखतो, त्या वेळी मद्याऐवजी काय करायचे ते ठरवतो आणि प्रत्येक निवडीचे आपल्या ध्येयावर होणारे परिणाम सरावात अनुभवतो.

रुग्णाच्या स्वतःच्या ध्येयाला मिळालेले हे महत्त्व गोव्यातील एका वेगळ्या संशोधनातही दिसते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आदींनी ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या भेटींत रुग्णाचीच कारणे व उद्दिष्टे संवादातून पुढे आणली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर इतरांपैकी २६ टक्के जण घातक मद्यपानाच्या पातळीबाहेर आले होते.

दोन्हीकडील फरक दहा-तेरा टक्क्यांचा आहे. तो चमत्कार नव्हे. पण पुन्हा घसरण झाली म्हणजे निश्चय खोटा होता, हा कुटुंबीयांचा समज मात्र त्यातून दूर व्हावा. निश्चय खरा असूनही जुनी ओढ त्याच्या आधी धावू शकते, आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात.

नेदरलँड्समध्ये अशा मदतीची पहिली पायरी ‘हाउसआर्ट्स’, म्हणजे कुटुंबवैद्य. त्यांच्याशी होणारी भेट मूलभूत आरोग्य विम्यात येते आणि तिला ‘आयखन रिसिको’ लागू होत नाही. पुढील विशेष उपचारांसाठी, उदाहरणार्थ अ‍ॅमस्टरडॅममधील येलिनेक या संस्थेकडे जाण्यासाठी, त्यांचेच शिफारसपत्र लागते. त्या उपचारांना मात्र ती रक्कम लागू होते.