बिल्ल्याचा दुसरा भाग

अंडाकृती पितळी चकती, जेमतेम दोन बोटं रुंद. दोन्ही टोकांना एकेक लांबट खाच आणि मधे उभ्या ओळीत चिनी वळणाची अक्षरं. अशी वस्तू हाती आली की कुणी तिला नाणं समजतो, कुणी ताईत. बहुधा ती दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी शिपायाचा ओळखबिल्ला असते. खाचांतून दोरी ओवून तो अंगाला बांधत.

लिपीवरून देश ठरवायला गेलं तर फसगत ठरलेली. चिनी अक्षरं जपान, कोरिया आणि व्हिएतनामनेही शतकानुशतकं वापरली. सोबत जपानी काना दिसली तर जपान, हंगुलची गोल-चौकोनी मांडणी दिसली तर कोरिया. नुसतीच चिनी अक्षरं असतील तर मजकूर काय आहे ते पाहावं लागतं. या चकतीवर चौकोनातून आरपार उभी रेघ गेलेलं एक अक्षर हमखास सापडतं. अर्थ ‘मध्य’. चीनच्या नावातलं पहिलं अक्षर तेच, म्हणून नवखा ‘चिनी आहे’ म्हणून मोकळा होतो. इथे ते लष्करातल्या कंपनीची खूण आहे. त्याच्या आधी ‘चालणे’ या अर्थाचं अक्षर असेल तर पायदळ, आणि त्याला जोडून रेजिमेंटचा आकडा. शेवटी ‘बान’, म्हणजे शिपायाचा क्रमांक. अधिकाऱ्याच्या बिल्ल्यावर नाव असायचं, साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर सहसा नाही.

सन कोरलेला असला तरी लगेच हुरळून जाऊ नये. जपानचं तैशो पर्व आणि चिनी प्रजासत्ताकाची कालगणना, दोन्ही १९१२ पासून मोजतात. ‘वर्ष १२’ म्हणजे दोन्हीकडे १९२३, त्यामुळे निव्वळ आकड्यावरून देश कळत नाही. साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असेल तर आपल्या संवत्सरांसारखीच अडचण: नाव कळतं, फेरा कुठला ते कळत नाही.

पूर्व आशियात धातूवर अक्षरं कोरून माणसाच्या हाती देण्याची चाल फार जुनी. १९७० च्या दशकात शीआनजवळ काशाचा एक छोटा वाघ मिळाला. खरं तर अर्धा वाघ, उभा चिरलेला. छिन राज्यातला. अंगावर सोन्याने भरलेली चाळीस अक्षरं. उजवा भाग राजाकडे, डावा ‘दू’ या ठाण्यावर. पन्नास किंवा अधिक सैनिक हलवायचे तर दोन्ही भाग जुळलेच पाहिजेत. शत्रू आल्याचा जाळ पेटला असेल तेवढी सूट. सबंध कायदा मुठीत मावणाऱ्या वाघावर लिहिलेला.

आणि भाग जुळले म्हणून सगळं सुरळीत होई असंही नाही. इ.स.पू. २५७ मध्ये वेई राज्याच्या शिनलिंग नावाच्या सरदाराने राजाच्या शयनगृहातून वाघाचा भाग पळवून आणवला आणि सीमेवरच्या सेनापतीपुढे धरला. भाग बरोबर जुळले, तरी सेनापतीला शंका आली. सरदाराच्या माणसाने हातोड्याने त्याचं डोकं फोडलं आणि फौज निघाली. ही हकीकत सिमा छिएनच्या इतिहासात आहे. तांग काळात वाघ जाऊन मासा आला, कारण घराण्याच्या संस्थापकाच्या आजोबांचं नावच ‘हू’, म्हणजे वाघ, होतं. ते उच्चारायचं नाही असा दंडक. सम्राज्ञी वू झत्येनने माशाचं कासव केलं.

मंगोलांनी दोन भागांची भानगड ठेवली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचा एक लोखंडी गोल परवाना आहे. त्यावर चांदीने भरलेली अक्षरं फाग्स-पा लिपीतली, कुब्लाई खानाने तिबेटी लामाकडून करवून घेतलेली. मार्को पोलोच्या काकाने १३१० च्या मृत्युपत्रात खानाकडून मिळालेल्या तीन सुवर्णपट्ट्यांची नोंद केली आहे. कोरियात १४१३ मध्ये सोळा वर्षांवरच्या पुरुषांना ओळखपट्टी सक्तीची झाली. तिथल्या सरकारी प्रवाशाच्या धातूच्या चकतीवर घोडे कोरलेले असत. जितके घोडे, तितके चौकीवरून मिळणार.

जपानी शिपायाचा बिल्ला मात्र थेट या घराण्यातला नाही, आणि ओढूनताणून त्याला तिथे बसवू नये. अशा बिल्ल्यांचा वापर प्रशियाच्या फौजेने १८७०-७१ च्या युद्धात केला होता, आणि १८८० नंतर जपानी लष्कराने प्रशियाकडूनच धडे घेतले. जुना वाघ जिवंत माणसाचा अधिकार सिद्ध करी, नवा बिल्ला मेलेल्या माणसाची ओळख. तरी एक गोष्ट तीच राहिली: बिल्ला एकटा पुरा पडत नाही, दुसरा भाग दप्तरात असतो. इथे तो दुसरा भाग म्हणजे पलटणीची यादी.

असा बिल्ला आपल्याकडच्या घरात कसा येतो? मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५८ व्या जपानी रेजिमेंटशी आपल्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची झुंज झाली. तीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. समोरच्या डिव्हिजनचं सांकेतिक नाव ‘रेत्सु’. युद्धाच्या नंतरच्या काळातल्या काही बिल्ल्यांवर रेजिमेंटच्या जागी असे संकेतच येतात. यादी हाती नसेल तर त्यातून माणूस सापडणं कठीण. त्यात ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी लष्कराने ढिगांनी कागदपत्रं जाळली. परदेशी भूमीवर मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी ११ लाखांहून अधिकांचे अवशेष आजही परतलेले नाहीत.

आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असा बिल्ला निघाला तर चिंच लावून घासू नका. पुसट अक्षरं आणखी झिजतील. दोन्ही बाजूंचा तिरप्या उजेडात फोटो काढा. तो कुणी आणला, कुठल्या पलटणीतून, कुठल्या आघाडीवरून, हे घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. विकू नका, त्यापेक्षा जपानी वकिलातीला कळवा.