कार्डात नसलेली पैलवान

आपल्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या दप्तरात एकेकाळी रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा असायचा. डब्ल्यूडब्ल्यूएफची ती ट्रम्प कार्डं. वर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. मधल्या सुट्टीत कोणीतरी "वजन!" असं ओरडून पान टाकायचा आणि समोरच्याचं पान जायचं. आम्ही मुली बाजूला बसून डबा खायचो आणि भांडण कधी लागतं याची वाट पाहायचो. भांडणाचा विषय ठरलेला असायचा: हे सगळं खरं असतं की खोटं? १९९६ मध्ये 'खिलाडियों का खिलाडी' आला. त्यात अक्षयकुमारशी लढलेला अंडरटेकर खरा नव्हता, त्याचा वेष केलेला ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर त्या एका लढतीवरून वर्गात दोन तट पडले होते आणि एका तटाने दुसऱ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

तो प्रश्न मी तेव्हा घरी आजोबांना विचारला होता. आजोबा मूळचे साताऱ्याकडचे. गिरणीत साचेखात्यात नोकरी, आणि तरुणपणी लालबागच्या तालमीत अंगाला माती लावलेली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगची कुस्ती आपण पाहिली, हे ते पाहुण्यांनाही सांगायचे.

"आजोबा, ती खरी होती का हो?"

"किंगकाँग दोनशे किलोचा होता. दारासिंगाने त्याला डोक्यावर उचलला. उचलला तो उचलला, त्यात खोटं काय असणार?"

मग मी विचारलं, तेव्हा बायका लढायच्या का? आजोबांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिलं, "होती एक हमीदा बानू. पण ती सगळी नुरा."

"तुम्ही पाहिली होती?"

"ती पाहायला कशाला हवी?"

मी हे विसरून गेले होते. ४ मे २०२४ रोजी सकाळी ऑफिसचं काम सुरू करताना गुगलच्या पानावर एका पैलवान बाईचं चित्र दिसलं. खाली नाव होतं हमीदा बानू. आजोबांचं ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. ते आता नाहीत, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारता येत नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेले. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटलं, आपल्याच भागातल्या तिकिटावरच्या कुस्तीची ही गोष्ट सांगावी.

आधी थोडं त्या काळाबद्दल. लालबाग-परळच्या गिरण्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेली माणसं काम करत. घाटावरच्या माणसांनी गावाकडून येताना तालीम बरोबर आणली. पाळी सुटली की जोर-बैठका आणि हौद्यात लढत. ही मातीतली कुस्ती. समोरच्याची पाठ मातीला लागली की तो चितपट, निकाल स्पष्ट. याच्या जोडीला शहरात दुसरी कुस्ती वाढत होती: दोरांनी वेढलेलं रिंग, रंगीत पोस्टर, तिकीट, आणि परदेशी नावांचे पैलवान. तिला लोक फ्रीस्टाइल म्हणत. तिचा कर्ताधर्ता वस्ताद नसून प्रमोटर असे. जोड तोच लावणार, गल्लाही त्याचाच. अमेरिकेत अशा व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरवण्याची रीत १९२० च्या दशकापर्यंत रुळली होती. आपल्याकडे संगनमताने केलेल्या कुस्तीला नाव होतंच, नुरा कुस्ती.

म्हणजे या कुस्तीत कोणी मोठा पराक्रम केला की शंका त्याच्या मागोमाग येणारच. प्रश्न एवढाच, की ती शंका कोणाला माफ होते.

गामाचं उदाहरण पाहा. १९१० च्या सप्टेंबरमध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची कुस्ती झाली. झ्बिस्को जमिनीला धरून बसला आणि सुमारे अडीच तासांनी कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीला तो आलाच नाही. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला दोघे पुन्हा भेटले आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. ही कुस्ती इतकी लवकर कशी संपली, असं आपल्याकडे कोणी संशयाने विचारलं नाही. ती लवकर संपली हेच गामाच्या मोठेपणाचं प्रमाण ठरलं. ते योग्यच होतं.

आता हमीदा बानू. ती उत्तर प्रदेशातली. सलाम पैलवानाच्या हाताखाली अलीगढला तयार झाली, म्हणून वर्तमानपत्रं तिला अलीगढची म्हणत. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. तिच्या खुराकाच्या याद्या छापून येत: साडेपाच लिटर दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, किलोभर मटण, एक कोंबडी, वर दोन थाळ्या बिर्याणी. १९४० च्या दशकातच ती मुंबईत एवढी गाजली होती, की १९४४ मध्ये गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती लागली तेव्हा वीस हजारांची गर्दी लोटल्याची बातमी आली. गुंगाने ऐनवेळी जास्त पैसे आणि जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. ज्या लोकांना ती कुस्ती खोटीच वाटत होती, ती रद्द झाल्यावर त्यांना एवढा राग का यावा?

१९५४ हे तिचं वर्ष. फेब्रुवारीत तिने जाहीर आव्हान दिलं: कुस्तीत मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याआधीच तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा तिचा दावा होता. आव्हानानंतर तिने पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन नामवंत पैलवान हरवले. तिसरी कुस्ती बडोद्याला होती. तिथे ठरलेला छोटा गामा पैलवान शेवटच्या क्षणी मागे हटला आणि त्याच्या जागी बाबा पैलवान उतरला. हमीदाने त्याला एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवलं. गुगलने चित्र काढलं ते याच कुस्तीच्या आठवणीत. त्याच वर्षी मुंबईत तिच्यासमोर व्हेरा चिस्टिलिन नावाची बाई उभी केली. जाहिरातीत तिला रशियाची अस्वलीण म्हटलं होतं. ती एक मिनिटसुद्धा टिकली नाही.

गामाची मिनिटभराची कुस्ती आणि हमीदाची मिनिटभराची कुस्ती शेजारी ठेवून बघा. एकीला इतिहास म्हणतात. दुसरीबद्दल आजोबा म्हणाले, ती सगळी नुरा.

असं म्हणणारे आजोबा एकटे नव्हते. कोल्हापूरला तिने शोभासिंग पंजाबीला हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याबरोबरची तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. मुंबई राज्यात स्त्री-पुरुषांच्या कुस्त्यांना बंदी आली, तेव्हा तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. रोनोजॉय सेन यांनी भारतीय खेळांच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात त्यांच्या उत्तराचा आशय दिला आहे: ती बाई आहे म्हणून बंदी घातलेली नाही, प्रमोटर तिच्यासमोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून घातली आहे.

हे उत्तर मी बऱ्याचदा वाचलं. त्यात तथ्य असू शकतं. तिकिटाच्या कुस्तीत प्रमोटर काय करत हे सर्वांना माहीत होतं, आणि तिच्या सगळ्या कुस्त्या खऱ्याच होत्या असं मी म्हणणार नाही. पण नुरा करायला दोघं लागतात आणि ठरवायला तिसरा लागतो. यात पैसे मिळवणारा प्रमोटर दुसरा जोड लावायला मोकळा राहिला. हरणारा पुरुष घरी गेला. शिवाय, बाईकडून हरलो याची लाज वाटण्यापेक्षा कुस्तीच खोटी होती म्हणणं त्याला सोयीचं होतं. काम थांबलं ते हमीदाचं.

आता त्याच वर्षीचा दारासिंग. १९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंगला हरवून तो रुस्तम-ए-हिंद झाला. १९५९ मध्ये कलकत्त्याला जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता झाला. २९ मे १९६८ रोजी आपल्या मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि जगज्जेता म्हणवला गेला. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा होता. किंगकाँग, म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल झाया, आणि दारासिंग यांच्या लढती हा तर एक फिरता उत्सवच होता. एवढ्या जड माणसाला डोक्यावर घ्यायचं तर उचलला जाणाराही साथ देतो, अंग ताठ धरतो, तोल सांभाळतो. कसं पडायचं हे किंगकाँगला येत होतं म्हणून दारासिंगाचं उचलणं देखणं दिसलं. पण वजन खरं होतं, फळ्यांवरचं आपटणं खरं होतं, धापही खरी होती. आजोबांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. निकाल ठरलेला असला तरी केलेलं काम खोटं होत नाही.

मला बोच एवढीच, की हा उदार हिशेब त्यांनी एकाच पैलवानाला लावला. दारासिंगाबद्दल शंका असूनही लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं. तो सिनेमात गेला, हनुमान झाला, राज्यसभेत गेला. हमीदाबद्दल शंका होती म्हणून लोकांनी तिला दगड मारले.

हे जगभर असंच होतं असंही नाही. त्याच काळात अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क ही बाई जत्रांच्या फडात पुरुषांना आव्हान देत पुढे आली आणि पुढे स्त्रियांची जगज्जेती म्हणून वर्षानुवर्षं मिरवली. प्रमोटरशी झगडे तिलाही चुकले नाहीत. पण बायकांनी लढावं यासाठी तिकडे एक वेगळं पदक, वेगळी यादी, वेगळा धंदा तरी उभा राहिला. हमीदासाठी असं काहीच नव्हतं. पुरुषांशी लढली तर बंदी, आणि लढायला बायका कुठून आणायच्या? मुंबईत चिस्टिलिनला हरवल्यावर तिने युरोपात जाऊन लढण्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर कुस्तीच्या बातम्यांतून ती जवळजवळ नाहीशी झाली.

ती कुठे गेली? कल्याणला. तिच्या कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनी अलीकडे बीबीसीला सांगितलं, की तिचं युरोपला जाणं सलाम पैलवानाला मान्य नव्हतं आणि त्याने मारहाण करून तिची हाडं मोडली. पुढे तिने दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, हात अडला तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती वारली. आपण तेव्हा बालवाडीत होतो. परळहून लोकलने दीड तासाच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर ती राहत होती आणि आपल्यापैकी कोणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बिघाड तीन दिवस कोणाला सापडत नव्हता. तो मी रात्री जागून सापडवला. सकाळी मला पहिला प्रश्न आला, "कोणी सांगितलं तुला?" विचारणारा माणूस वाईट नव्हता. माझे आजोबाही वाईट नव्हते, त्यांनीच मला इंजिनिअरिंगची पहिली फी भरायला आपल्या गिरणीच्या पैशांतून हातभार लावला. पण न पाहताच निकाल देण्याची सवय चांगल्या माणसांनाही असते. आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात कुस्ती मुलांसाठी होती आणि आम्हाला लंगडी, खो-खो, लेझीम. आम्ही कधी विचारलंही नाही. सवय आमच्याही अंगात होती.

२०१६ मध्ये रिओला साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. महाराष्ट्र केसरीची गदा पुरुषांसाठी १९६१ पासून होती. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ चा मार्च उजाडला. सांगलीला झालेल्या त्या अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवलं. ही वैष्णवी कल्याणची. बातमी वाचताना मी कल्याण हा शब्द पुन्हा वाचला.

आता मुद्द्याचं. स्नेहसंमेलनाला कोणीतरी जुनी कार्डं घेऊन येणार हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलंच आहे. मी एक नवं कार्ड छापून आणते आहे. उंची पाच फूट तीन इंच. वजन १०८ किलो. जिंकलेल्या लढती तीनशेहून अधिक, तिच्याच सांगण्यानुसार. बडोद्याची वेळ एक मिनिट चौतीस सेकंद. गठ्ठ्यात घाला आणि खेळा. खरं-खोटं यावरून भांडायचं असेल तर अवश्य भांडू, पण मग प्रत्येक कार्डावरून भांडू.