दुसऱ्याच्या नावाने खडे

मराठीत 'नावाने खडे फोडणे' असा एक झकास वाक्प्रचार आहे. चूक कोणाचीही असो, आपण कोणाच्या तरी नावाने खडे फोडतो आणि मोकळे होतो. हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याला कल्पनाही नसेल की एक दिवस जपानातली एक कंपनी अक्षरशः याच उद्योगाचा व्हिडिओ गेम काढेल. आपण आपल्या बाजूचे रंगीत खडे फोडायचे, आणि ते जाऊन पडायचे शेजारच्याच्या डोक्यावर!

खेळाचं नाव 'सुपर पझल फायटर टू टर्बो'. कंपनी ओसाकाची कॅपकॉम. साल १९९६. माझी आणि त्याची गाठ पडली दोनेक वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे. मामेभावाकडे (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) प्लेस्टेशन होतं आणि त्यासोबत सीड्यांची एक थप्पी. प्रत्येकीवर मार्करने नाव लिहिलेलं. म्हणजे काय ते सुज्ञांस सांगणे न लगे. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर आधी थोडा इतिहास. वरून काहीतरी पडतंय आणि आपण ते रचतोय, या प्रकाराचा मूळ पुरुष म्हणजे टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोवने तो लिहिला. त्याच्या एलेक्ट्रोनिका-६० या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून पडणारे ठोकळे त्याने चक्क कंसाच्या चिन्हांनी दाखवले. टेट्रिसमध्ये समोर शत्रू नसतो. खरं तर जिंकणंही नसतं, किती वेळ हरत नाही एवढंच. घरातल्या भांड्यांसारखं. घासून पालथी घातली की परत सिंक भरलेलं.

मग १९८९ साली निन्टेन्डोच्या गेमबॉयवर टेट्रिस आला आणि दोन गेमबॉय वायरने जोडून दोघांना खेळता येऊ लागलं. मी एकाहून जास्त ओळी एकदम मोडल्या की समोरच्याचा ढीग खालून वर सरकायचा. झालं! भांडी घासण्याच्या कामात भांडण शिरलं. माझी सफाई ती तुझी अडगळ.

ही कल्पना पुढे नेली हिरोशिमाच्या कंपाईल नावाच्या कंपनीने, 'पुयो पुयो' या खेळात. मूळ खेळ १९९१ चा, पण नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर तो १९९२ मध्ये सेगासोबत आला तो मुख्यतः दोघांच्या लढतीचा खेळ होऊन. एकाच रंगाचे चार गोळे जुळले की ते फुटतात, आणि समोरच्यावर बिनरंगाचे गोळे पडतात. जपानीत त्यांना 'ओजामा' म्हणतात, म्हणजे लोढणं, अडचण. शेजारचं काही फोडल्याशिवाय ते जात नाहीत आणि त्यांचा स्वतःचा उपयोग शून्य. पुढे १९९५ मध्ये सेगाचाच 'बाकुबाकु ॲनिमल' आला. त्यात प्राणी आणि त्यांचं खाणं असे ठोकळे पडायचे आणि माकडाला केळी भेटली की लागून असलेली सगळी केळी फस्त.

इकडे कॅपकॉमचं वेगळंच चाललं होतं. त्यांचा १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' जगभर इतका गाजला की आमच्या गल्लीच्या टोकाला, एका पार्लरातसुद्धा तो येऊन बसला. ('पार्लर' म्हटल्यावर आजीला वाटायचं आम्ही केस कापायला जातोय.) गाजलेल्या वस्तूची नक्कल होते हा जगाचा नियम. याही खेळाच्या चोरट्या प्रती निघाल्या, आणि काहींमध्ये तर चोरांनी स्वतःची भर घातली. त्यातली 'रेनबो एडिशन' सगळ्यात प्रसिद्ध. वेग वाढवलेला, हवेत उडी मारूनसुद्धा आगीचे गोळे फेकता येतात, सगळा आचरटपणा. पण लोकांना तो आवडला. १९९२ मध्ये कॅपकॉमने स्वतःच जास्त वेगाची अधिकृत आवृत्ती काढली, तीच 'टर्बो'. म्हणजे चोराकडूनही शिकावं लागलं! मग 'सुपर' आला, मग 'सुपर... टर्बो' आला. तिसऱ्या भागाचं मात्र नाव नाही. लोक हसायला लागले होते.

आता 'सुपर पझल फायटर टू टर्बो' या नावातली मेख कळेल. पहिला पझल फायटर कधी नव्हताच. साधा दुसराही नव्हता. कॅपकॉमने स्वतःचीच टिंगल केली होती. पडद्याच्या मधोमध रियू, केन, चुन-ली, साकुरा हे स्ट्रीट फायटरचे पहिलवान, आणि त्यांच्याच 'डार्कस्टॉकर्स' या भुताखेतांच्या मारामारीतली मॉरिगन, फेलिशिया वगैरे मंडळी. पण सगळी बुटकी, डोकं मोठं, बाहुल्यांसारखी. ती लुटूपुटूची मारामारी करत असतात. त्यांच्या गुद्द्यांनी काहीच होत नाही. खरं युद्ध दोन्ही बाजूंच्या खड्यांमध्ये चाललेलं असतं.

नियम सोपे आहेत. सहा उभे रकाने. खडे जोडीने पडतात, रंग चार: लाल, हिरवा, निळा, पिवळा. इथे खडे नुसते जुळवून फुटत नाहीत. त्या रंगाचा एक खास गोल खडा येऊन चिकटावा लागतो, मग लागून असलेले त्या रंगाचे सगळे फुटतात. एकाच रंगाचे चार चौकोनात बसले की ते वितळून एक मोठा खडा होतो आणि तो फोडला की दुसऱ्यावर धो धो पाऊस. दर पंचविसाव्या खेळीला हिरा येतो. तो ज्या रंगावर टेकेल तो रंग तुमच्या बाजूने साफ. डावीकडून चौथा रकाना वरपर्यंत भरला की तुम्ही संपलात.

आणि आता मुख्य गोष्ट. समोरच्यावर पडणारे खडे पुयो पुयोसारखे कायमचे निकामी नसतात. त्यांच्यावर आकडा असतो: ५. त्याने एक खेळी केली की ४. मग ३, २, १. आणि पाच खेळ्यांनंतर ते साधे, रंगीत, वापरण्याजोगे खडे होतात. त्याच्या मालकीचे! शिवाय कोणाचे खडे कोणत्या नक्षीत पडणार हेही ठरलेलं. रियूचे रंग उभ्या पट्ट्यांत पडतात, केनचे आडव्या. समोरच्याला नक्षी पाठ असेल तर तो तुमच्या माऱ्यासाठी आधीच जागा करून ठेवतो. सगळ्यात बिचारा म्हणजे डॅन. (हा गुलाबी कपड्यातला गडी मुळात एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नायकांची नक्कल म्हणून काढलेला.) त्याचे सगळेच्या सगळे खडे लाल. म्हणजे डॅनने हल्ला केला की समोरच्याला लाल खड्यांचा अहेरच!

त्या सुट्टीत मी पहिले आठ दिवस सतत हरलो. मिळेल ते फोडायचं आणि लगेच दादावर टाकायचं, हीच माझी युद्धनीती. दादा शांत. "अरे थांब की जरा. पाच मोजू दे," म्हणायचा. पाच मोजून झाले की मीच पाठवलेले खडे त्याच्याकडच्या खड्यांत मिसळून माझ्यावर दुपटीने यायचे. एकदा वैतागून मी सीडीच खराब आहे म्हणालो. म्हणजे सीडीच्या नावाने खडे. शेवटी एवढं शिकलो की टाकायचंच असेल तर असं टाका की समोरच्याला पाच मोजायला सवड मिळणार नाही. तेवढी ताकद नसेल तर टाकूच नका.

कॅपकॉमला हे कळायला हवं होतं, कारण नेमकं हेच तिच्या बाबतीत होत होतं. चोरट्या प्रतींना कंटाळून तिने १९९३ मध्ये 'सीपी सिस्टीम टू' हा नवा बोर्ड आणला. पझल फायटर याच बोर्डावरचा. यात प्रोग्रॅम कुलूपबंद होता आणि कुलपाची किल्ली एका मेमरीत ठेवलेली. ती मेमरी जिवंत राहायला बोर्डावर एक छोटी बॅटरी. कोणी छेडछाड केली तर किल्ली पुसली जाणार आणि खेळ बंद. चोरांवर टाकलेला जबरदस्त खडा! आणि तो काही वर्षं लागूही पडला.

पण बॅटरी ती बॅटरी. चोर असो की साव, ती संपणारच. ज्या पार्लरवाल्यांनी, हौशी लोकांनी रोख पैसे मोजून अस्सल बोर्ड घेतले होते, त्यांच्याकडे एक दिवस यंत्र चालू केलं की पडदा कोरा. कोणी हात लावलेला नाही, काही मोडलेलं नाही, आतली बॅटरी तेवढी विझलेली. संग्राहक तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. चोरासाठी लावलेला सापळा आणि त्यात पाय घरच्याचाच.

गंमत पुढेच आहे. हे खेळ वाचवले ते कुलूप फोडणाऱ्यांनी. २००१ मध्ये 'सीपीएस-२ शॉक' नावाच्या गटाने या बोर्डांवरच्या प्रोग्रॅमची उकल करायला सुरुवात केली. २००७ मध्ये निकोला साल्मोरिया आणि अँड्रियास नाईव्ह यांनी कुलपाचं संपूर्ण गणितच सोडवलं. आणि २०१६ मध्ये हौशी संशोधकांनी मेलेल्या बोर्डात किल्ली परत भरायची रीत शोधून काढली. आता बोर्डाची चिरफाड न करता तो जिवंत करता येतो. कॅपकॉमची खरी वस्तू खरेपणाने चालू ठेवली ती परक्यांनी.

कंपनी यातून काय शिकली? २०१७ मध्ये तिने मोबाईलसाठी नवा 'पझल फायटर' काढला. त्याला बॅटरीची गरज नव्हती, कारण किल्ली दूर कुठेतरी सर्व्हरवर होती. ३१ जुलै २०१८ ला सर्व्हर बंद केले आणि खेळ संपला. वर्षही पुरं झालं नव्हतं. १९९६ च्या बोर्डाने निदान बॅटरी संपेपर्यंत तरी साथ दिली होती.

असो. दुसऱ्याच्या नावाने खडे फोडणं सोपं असतं, म्हणून आता स्वतःकडे वळतो. ती मार्करने नाव लिहिलेली सीडी. ज्यांच्यासाठी कॅपकॉमने कुलपं लावली ते चोर म्हणजे आम्हीच की! बारा वर्षांच्या पोराला कुठे कळतंय, असं म्हणता येईल. शिवाय अस्सल सीडीची किंमत ऐकून मामीला घेरीच आली असती. पण ज्या चोरीमुळे ती बॅटरी बसली त्यात आमचाही एक बारीकसा हात होता, आणि त्या बॅटरीने मारले ते बोर्ड आमच्यासारख्यांचे नव्हते, पैसे मोजणाऱ्यांचे होते.

जून २०२२ मध्ये कॅपकॉमने जुन्या दहा खेळांचा संच काढला, 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'. त्यात हा खेळ आहे, आणि इंटरनेटवरून दोघांना खेळताही येतो. मी तो विकत घेतला. दादालाही घ्यायला लावला. दादा आता नाशिकला असतो, मी ठाण्यात. एवढ्या वर्षांनी का होईना, सीडीचे पैसे फिटले.

पहिल्याच डावात मी घाईघाईने आठ खडे टाकले. कानातल्या हेडफोनमधून आवाज आला, "अजून तसाच आहेस रे तू. थांब, पाच मोजू दे."

हरलो, हे वेगळं सांगायला नकोच.