चौकटीतला मोर

पडद्यावरच्या बारीक चौकोनांत एकेक रंग भरून चित्र रचण्याच्या कलेला ‘पिक्सेल आर्ट’ म्हणतात. नाव नवे असले तरी आपल्या नाशिक जिल्ह्याला ही मोजदाद जुनीच. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचा मोर असाच जन्मतो. विणकर उभे धागे मोजतो आणि प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवतो.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या छिद्रांवर चालणारा माग उभा केला. छिद्र असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतही छिद्रांची कार्डेच आकडे मोजत होती. संगणकाने मागाकडून घेतलेले हे देणे आहे.

मग मागाच्या नक्षीसाठी सॉफ्टवेअर कुठले निवडावे? मागालाच विचारा. कडा आपोआप मऊ करणारे सॉफ्टवेअर न मागितलेले रंग मध्ये घुसवते. तेवढे धागे कुठून आणणार? रंग मोजके ठेवता आले पाहिजेत. उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसेल, तर चौकोनही लांबट करता आला पाहिजे, नाहीतर मोर चपटा होतो. ‘जिंप’ मोफत मिळते, ‘असेप्राइट’ खास याच कलेसाठी आहे. दोन्हींत रंग मोजके ठेवता येतात.

मी कवी. मात्रा मोजून झाल्या तरी शब्द मलाच निवडावा लागतो. सॉफ्टवेअरने चौकोन मोजावेत. मोराची मान किती वळवायची, हे मात्र कारागिराच्याच हाती राहू द्या.