अठरा रात्री

कॉलेज कशासाठी, असं कुणी विचारलं की मला १८३४ सालचं सिनसिनाटी आठवतं.

अमेरिकेतलं ओहायो राज्य. तिथं गुलामी नव्हती. पण नदी ओलांडली की केंटकी, आणि तिथं माणूस विकला जायचा. नदीच्या अलीकडं लेन सेमिनरी होती. ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारी. पोरं शिकायची, खर्चापोटी अंगमेहनतही करायची.

फेब्रुवारीत थिओडोर वेल्ड या विद्यार्थ्याच्या पुढाकारानं वादसभा सुरू झाल्या. अठरा रात्री. पहिल्या नऊ रात्री सवाल एकच: गुलामी ताबडतोब मोडायची का? पुढच्या नऊ रात्री दुसरा: काळ्यांना आफ्रिकेत धाडायच्या योजनेला पाठिंबा द्यायचा का? बोलणाऱ्यांत गुलाममालकांची पोरंही होती. घरात पाह्यलेलं त्यांनी सांगून टाकलं.

मग जेम्स ब्रॅडली उठला. तिथला एकटा काळा विद्यार्थी. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेला. दिवसभर मालकाचं काम, आणि रात्री मक्याच्या कणसावरची पानं वळून घोड्यांच्या गळ्यातले पट्टे करायचे, विकायचे. असं साठवत साठवत त्यानं स्वतःलाच विकत घेतलं. रात्रपाळीवाल्याला हे फोडून सांगायला नको. लोक म्हणायचे, सुटल्यावर हे खातील काय? ब्रॅडलीचं म्हणणं सरळ होतं: आजही आम्हीच आमचं पोट भरतो, वर मालकाचं आणि त्याच्या बायकापोरांचं. ते ओझं उतरल्यावर का जमणार नाही? गुलामाला हवं काय? स्वातंत्र्य आणि शिक्षण.

पोरं नुसती बोलून थांबली नाहीत. शहरातल्या काळ्यांसाठी शाळा काढल्या, त्यांच्या घरी उठबस सुरू केली. हे मात्र सोसलं नाही. शहराचा व्यापार दक्षिणेशी बांधलेला. ऑक्टोबरात विश्वस्तांचा हुकूम निघाला: संघटना मोडा, परवानगीशिवाय जेवणाच्या पंगतीतही भाषण करायचं नाही.

सुमारे चाळीस पोरं बाहेर पडली. जवळच कमिन्सविलला राहून एकमेकांना शिकवू लागली. ओबरलिन कॉलेज तेव्हा पैशाअभावी टेकीला आलेलं. त्यांनी बोलावलं. पोरांनी अट घातली: बोलायची मोकळीक, आणि काळ्यांना प्रवेश. पैसे देणाऱ्यांचीही अट तीच. फेब्रुवारी १८३५ मध्ये विश्वस्तांची मतं समसमान पडली. अध्यक्ष जॉन कीप यांच्या एका मतानं दार उघडलं. १८४४ साली जॉर्ज व्हॅशन तिथला पहिला काळा पदवीधर झाला.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली १८६५ साली. १८७३ मध्ये जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती त्या लढ्यातल्या अमेरिकन लोकांना. त्या लोकांत ही पोरंही आली.

इतिहासात वेल्डचं नाव आधी येतं. येऊ दे, तो निधड्या छातीचा होता. पण त्या अठरा रात्रींत स्वतःच्या पाठीवरचं बोलला तो ब्रॅडली. दोस्तांनो, प्रवेशासाठी आपण भांडतोच. आत गेल्यावर तिथं काय बोलता येतं, तेही विचारा. आणि सभा घ्याल तेव्हा ज्यानं सोसलं त्याला आधी बोलू द्या.