अहिल्यानगर जिल्ह्यातील लाकडी सांगाड्याच्या वाड्यांचे जतन व बांधकामविषयक नियम

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जुने वाडे व गढ्या प्रामुख्याने सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांच्या सांगाड्यावर उभ्या आहेत. पारनेर तालुक्यातील जामगाव येथील महादजी शिंदे यांचा वाडा व जामखेड तालुक्यातील चोंडी येथील अहिल्याबाई होळकर यांच्या जन्मस्थानाची गढी ही या परंपरेतील परिचित स्थळे होत. अशा वास्तूंची दुरुस्ती करताना नव्या इमारतींसाठी रचलेले नियम कितपत लावायचे, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

रचना

खांब दगडी तळखड्यांवर टेकवलेले असतात. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणतात व घराचे मापही खणांतच सांगितले जाते. छताचा भार सांगाडा पेलतो. माती, वीट वा दगडाची भिंत बहुधा आडोशापुरती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळूनही काही घरांचे लाकडी सांगाडे उभे राहिले, ते यामुळेच. भिंत पडली म्हणजे वाडा संपला, असा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

लागू होणारे कायदे

राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) ही नमुना संहिता असून स्थानिक नियमावलीत समाविष्ट झाल्यावरच तिच्या तरतुदी बंधनकारक होतात. जिल्ह्यात २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत वारसा वास्तूंसाठी श्रेणी व स्वतंत्र तरतुदी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ अंतर्भागापुरत्या दुरुस्तीस परवानगी लागत नाही, मात्र वारसा वास्तूंना ही सवलत नाही. यादीत समावेश झाल्याने संरक्षण मिळते, तशी मालकाची कागदपत्रेही वाढतात.

नगर शहरात आणखी एक अडचण येते. दमडी मशीद, फराहबाग यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर विनियमित असते. प्रतिबंधित क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, परंतु त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

याउलट महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ धोकादायक इमारत पाडण्याचा वा दुरुस्त करण्याचा आदेश देण्याचा अधिकार आयुक्तांना देते. वाड्याचे भवितव्य पुष्कळदा या एका नोटिशीवर ठरते. 'पाडणे' आणि 'दुरुस्त करणे' यांपैकी कोणता शब्द तीत येतो, हे संरचना अभियंत्याच्या अहवालावर अवलंबून असते. लाकडाची पारख नसलेल्या अभियंत्याने काँक्रीटच्या मोजपट्टीने पाहिल्यास अहवाल सहसा प्रतिकूल येतो.

तांत्रिक बाबी

आयएस ८८३ हे मानक लाकडाच्या संरचनात्मक आरेखनासाठी आहे. त्यातील मूल्ये प्रतवारी केलेल्या लाकडासाठी असल्याने शतकापूर्वीच्या तुळईस ती जशीच्या तशी लावता येत नाहीत. ओलावा, वाळवी व सांध्यांची स्थिती तपासून मगच शिल्लक ताकद ठरवावी लागते. कुजण्यास बहुधा खांबाचा पाया आणि भिंतीत पुरलेले तुळईचे टोक यांपासून सुरुवात होते. तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणे ही मान्य पद्धत आहे. सांध्यांभोवती काँक्रीट ओतल्यास ओल आत कोंडते व उरलेले लाकूडही कुजते.

अग्निसुरक्षेच्या बाबतीत जाड तुळई समजुतीपेक्षा टिकाऊ असते: बाहेरील थराचा कोळसा होतो व तो आतील भागास काही काळ वाचवतो. पातळ पाट व जुनी विद्युत जोडणी यांचा धोका अधिक असतो.

लाकडी वारशाच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे इकोमॉस या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारली. त्यांची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये दिल्ली येथील महासभेत संमत झाली. मूळ लाकूड शक्य तितके राखणे हा त्यांचा आग्रह असला, तरी भारतात त्यांना कायद्याचे बळ नाही.